चुंबकाची पूड, पुराची बेटे आणि आबांचे ऑपरेशन

सोमवारची ओपीडी म्हणजे आठवड्याच्या बाजारासारखी गर्दी. त्या गर्दीत पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावचे साठीकडे झुकलेले शेतकरी मुलाला घेऊन आले होते. त्यांना इथे आबा म्हणू. जिभेच्या कडेची जखम तीन महिने भरत नव्हती. तंबाखू चाळीस वर्षांची. तुकडा तपासला तेव्हा कर्करोगाचे निदान झाले आणि मिरजेला शस्त्रक्रियेची तारीखही मिळाली. त्या तारखेला दहा दिवस उरलेले असताना मुलाने माझ्यापुढे मोबाइल धरला.

“साहेब, हे बघा की. कोल्हापुरात चुंबकाची पावडर काढलीय म्हणं. गाठीत सोडायची, बाहेरनं चुंबक फिरवायचा, गाठ जळून जाते. चिरफाड न्हाई काय न्हाई. मग आबांची जीभ कशाला कापायची? चार-सहा महिने थांबू की.”

बाहेर साठ-सत्तर रुग्ण खोळंबले होते. मी मोबाइलकडे नीट पाहिलेही नाही. “असल्या थापांवर विश्वास ठेवू नकोस, तारखेला आबांना घेऊन जा,” एवढेच बोलून पुढचा केसपेपर ओढला. मुलगा काही न बोलता उठला. आबांनी हात जोडले आणि दोघे निघून गेले.

रात्री जेवताना ती गोष्ट मनातून जाईना. संदेशात ‘मँगॅनाइट’ असा एक शब्द दिसला होता. तो शोधून वाचायला बसलो, तेव्हा कळले की ती निव्वळ थाप नव्हती. कोल्हापुरात असे संशोधन खरोखर झाले आहे. संदेशात चूक होती ती फक्त ‘आता’ या शब्दाची. म्हणजे मुलाचे अर्धे बरोबर होते आणि मी त्याला खोटे ठरवून परत पाठवले होते. अर्धे खरे नाकारणारा डॉक्टर उरलेल्या अर्ध्याबद्दल काही सांगू लागला, तर त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार?

पुढच्या दोन-तीन रात्री मी या मँगॅनाइटचे वाचन केले. त्यातले जे समजले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

सेलमधल्या काळ्या पुडीचा भाऊबंद

मँगॅनीज आपल्याला नवा नाही. जुन्या टॉर्चचा सेल फोडला की जी काळी पूड निघते ती मँगॅनीज डायऑक्साइड. जखम धुवायला पूर्वी वापरत ते जांभळे परमँगनेटही याच धातूचे. आपल्याच राज्यात नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत मँगॅनीजच्या खाणी आहेत. भंडाऱ्यातील डोंगरी बुजुर्ग खाणीतला मँगॅनीज डायऑक्साइड सेलसाठी वापरला जातो.

मँगॅनीज आणि ऑक्सिजन यांच्या जोडीला लँथॅनम हे मूलद्रव्य घेऊन भट्टीत भाजले की एक काळा, मातीच्या भांड्यासारखा ठिसूळ पदार्थ तयार होतो. त्यात मँगॅनीजचा प्रत्येक अणू सहा ऑक्सिजन अणूंच्या पिंजऱ्यात बसलेला असतो. या शुद्ध पदार्थातून वीज जात नाही आणि तो लोखंडासारखा चुंबकही होत नाही. मात्र काही लँथॅनम काढून त्याच्या जागी कॅल्शियम किंवा स्ट्रॉन्शियम घातले की त्याचा स्वभाव पालटतो. ठरावीक तापमानाखाली तो चुंबक होतो आणि त्यातून वीजही वाहू लागते. १९५० मध्ये नेदरलँड्समधील फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत योंकर आणि व्हान सांतेन यांनी हे प्रथम दाखवले. या कुटुंबाला मँगॅनाइट म्हणतात.

चुंबकत्व आणि वीज या दोन्ही गोष्टी एकदम का येतात? पुढच्याच वर्षी क्लॅरेन्स झेनर यांनी त्याचे उत्तर दिले. भेसळीमुळे काही मँगॅनीज अणूंपाशी एक इलेक्ट्रॉन कमी असतो. शेजारच्या अणूचा इलेक्ट्रॉन मधल्या ऑक्सिजनवरून त्या रिकाम्या जागी उडी मारू शकतो. पण दोन्ही अणूंची चुंबकसुई एकाच दिशेला असेल तरच ही उडी सहज जमते. सुया एका दिशेला वळल्या की वाट मोकळी होते, आणि इलेक्ट्रॉन फिरू लागले की सुया एका दिशेला राहतात. दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून असतात.

हजार पटींचे कोडे

हा विषय चाळीसेक वर्षे शास्त्रज्ञांच्या कपाटात पडून होता. १९९३ मध्ये जर्मनीत आणि १९९४ मध्ये अमेरिकेच्या बेल लॅबमध्ये या पदार्थाचे अतिशय पातळ पापुद्रे बनवून ते चुंबकक्षेत्रात ठेवले गेले. बेल लॅबच्या प्रयोगात विजेला होणारा अडथळा हजार पटींहून अधिक घसरला. नुसता चुंबक जवळ आणल्याने एवढा फरक पडला होता.

मात्र प्रयोगाच्या अटी कडक होत्या. तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस, म्हणजे गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये ठेवतात तेवढे थंड. चुंबक सहा टेस्लाचा, म्हणजे नेहमीच्या दीड टेस्लाच्या एमआरआय यंत्राच्या चौपट. संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये हा पदार्थ वापरता येईल असे तेव्हा अनेकांना वाटले, पण या अटींमुळे ते घडले नाही. डिस्कमधली माहिती वाचायला धातूंच्या थरांतला दुसरा, सौम्य परिणाम वापरात आला. त्याच्या शोधाबद्दल फेर आणि ग्रुनबर्ग यांना २००७ चे नोबेल मिळाले.

कोडे मात्र शिल्लक राहिले. झेनर यांच्या हिशेबाने चुंबकक्षेत्रामुळे अडथळा कमी व्हायला हवा, पण इतका नाही. हजार पटींचा फरक येतो कुठून?

पुराच्या पाण्यातली बेटे

याचे उत्तर आपल्या भागातल्या माणसाला समजवायला सोपे आहे, कारण आपण कृष्णेचा पूर पाहिला आहे.

२०१९ चा ऑगस्ट आठवा. पाणी इंच इंच चढत होते. शेते गेली, मळे गेले, तरी गावाकडून बाहेर जायला कुठून तरी एखादी वाट होती. मग पाणी अजून थोडे चढले आणि ती शेवटची वाटही बुडाली. गावाचा संपर्क तुटला. पाणी वाढले वीतभर, पण रुग्णवाहिकेच्या दृष्टीने सगळे बदलले. किती जमीन कोरडी आहे यापेक्षा कोरडे तुकडे एकमेकांना जोडलेले आहेत का, हे महत्त्वाचे होते.

मँगॅनाइटच्या पापुद्र्यात हेच घडते. इतके दिवस शास्त्रज्ञ असे धरून चालले होते की ठरावीक तापमानाला सगळा पदार्थ एकजात एका अवस्थेतून दुसरीत जातो. प्रत्यक्षात एकाच पापुद्र्यात दोन्ही अवस्था शेजारी शेजारी नांदतात. काही ठिकाणी चुंबकीय, वीज वाहणारी बेटे असतात आणि त्यांच्या अवतीभवती वीज अडवणारा प्रदेश पसरलेला असतो. याला भौतिकशास्त्रात ‘प्रावस्था विभाजन’ म्हणतात. पदार्थ थंड होतो तशी बेटे वाढतात. जोपर्यंत ती सुटी आहेत तोपर्यंत वीज एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोहोचत नाही. शेवटची दोन बेटे एकमेकांना टेकली की रस्ता जुळतो आणि अडथळा धाडकन कोसळतो. बाहेरून चुंबक लावला तर ही बेटे थोडी फुगतात. ती जुळण्याच्या बेतात असतील तर तेवढे फुगणे पुरते. हजार पटींचा फरक येतो तो इथून.

१९९९ मध्ये उएहारा, मोरी, चेन आणि चिओंग यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अशा पदार्थातले तुकडे दाखवले. ते साधारण अर्ध्या मायक्रॉनचे होते. आपली तांबडी रक्तपेशी सात-आठ मायक्रॉनची असते, त्यावरून अंदाज करा. त्याच वर्षी फेथ आणि सहकाऱ्यांनी पातळ पापुद्र्यावर बारीक सुई फिरवून वीज वाहणारे आणि न वाहणारे भाग नकाशासारखे रेखाटले. २००२ मध्ये टेक्सास आणि मेरीलँड विद्यापीठांच्या गटाने पुढची पायरी गाठली. त्यात लिउवान झांग, अमलान बिस्वास, ग्रीन आणि डी लोझान हे होते. त्यांनी चुंबकीय सुईने पापुद्रा थंड होताना पाहिला. बेटे वाढताना आणि जुळताना दिसली, आणि ती जुळली त्याच सुमारास अडथळा कोसळला.

पुराची आणखी एक गोष्ट इथे लागू पडते. पाणी चढताना रस्ता ज्या पातळीला बंद होतो, उतरताना त्याच पातळीला तो उघडत नाही. सखल भागात पाणी साचून राहते, गाळ बसतो. या पापुद्र्यातही थंड करताना रस्ता ज्या तापमानाला जुळतो, तापवताना त्याच तापमानाला तुटत नाही. त्यासाठी आणखी तापवावे लागते.

पापुद्राच का?

हे सगळे पाहायला पापुद्रा बरा, कारण तो सपाट असतो आणि वरून न्याहाळता येतो. पण तो नुसता बघण्यापुरता नाही, तो पदार्थाला वळणही लावतो.

पापुद्रा बनवण्याची एक रीत अशी. मँगॅनाइटची भाजलेली वडी निर्वात पेटीत ठेवतात आणि तिच्यावर लेसरचे ठोके देतात. प्रत्येक ठोक्याला पृष्ठभागाचा सूक्ष्म अंश ज्वाळेसारखा उडतो आणि समोर तापवून ठेवलेल्या स्फटिकाच्या चकतीवर बसतो. असे ठोके पडत राहिले की काही दहा नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो. आपला केस याच्या हजारपट तरी जाड असतो.

खालच्या चकतीतल्या अणूंमधले अंतर मँगॅनाइटपेक्षा किंचित जास्त असेल, तर वर बसणारा थर ताणला जातो. ते कमी असेल तर दाबला जातो. स्ट्रॉन्शियम टायटॅनेटची चकती ताणते, लँथॅनम ॲल्युमिनेटची दाबते. फरक शेकडा एक-दोन एवढाच असतो. पण दोन अवस्थांची ताकद जवळपास सारखी असल्यामुळे तेवढ्या ताणाने पारडे कुठेही झुकते. कुठे चुंबकीय बेटे वाढतात, कुठे दबून जातात. घटक तेच, कृती तीच, तरी चकती बदलली की पापुद्र्याचा स्वभाव बदलतो.

लेसरने ऑक्साइडचे असे पापुद्रे घडवण्याच्या कामात एक मराठी नाव आदराने घेतले जाते, ते सतीशचंद्र ओगले यांचे. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात त्यांनी या तंत्रावर काम केले. पुढे अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात टी. व्यंकटेशन यांच्याबरोबर मँगॅनाइटसह अनेक ऑक्साइडांचे पापुद्रे अभ्यासले. नंतर पुण्यात परतून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि आयसरमध्ये काम केले. ऑक्साइड पापुद्र्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सवर त्यांनी संपादित केलेला ग्रंथ २००५ मध्ये निघाला.

इंदूरच्या संशोधन केंद्रात प्रवीण चड्ढा, आलोक बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी याच विभाजनाची आणखी एक बाजू उलगडली. वितळलेली काच थंड होताना तिचे कण नीट रांगेत बसायच्या आधीच जागच्या जागी थिजतात. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ज्यांच्या घरात अजून आहे त्यांनी त्याची काच पाहावी, ती अशीच थिजलेली आहे. काही मँगॅनाइटमध्ये चुंबकीय अवस्थाही अशीच अर्ध्या वाटेत थिजते. दोन नमुने आज एकाच तापमानाला आणि एकाच चुंबकक्षेत्रात असले, तरी त्यांतले मिश्रण वेगळे असू शकते. ते इथवर कोणत्या वाटेने आले यावर ते अवलंबून असते. हे वाचताना मला केसपेपरवरचा ‘पूर्वेतिहास’ हा रकाना आठवला. दोन रुग्णांची आजची साखर सारखी असली, तरी दहा वर्षे ती कशी होती हे विचारल्याशिवाय आम्ही औषध ठरवत नाही.

कोल्हापूरचे काम आणि राइस कुकर

आता आबांच्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. कर्करोगाच्या पेशींना साधारण ४२ ते ४५ अंश उष्णता दिली की त्या दुबळ्या होतात आणि किरणोपचार किंवा औषधे त्यांच्यावर अधिक परिणाम करतात. हे वैद्यकाला पूर्वीपासून माहीत आहे. अडचण असते ती फक्त गाठ तापवण्याची, आजूबाजूचे न भाजता. त्यासाठी गाठीत चुंबकीय सूक्ष्मकण सोडायचे आणि बाहेरून वेगाने उलटसुलट होणारे चुंबकक्षेत्र द्यायचे, म्हणजे कण तापतात. म्हणजे संदेशातला ‘चुंबक फिरवायचा’ हा प्रकार हातात धरून फिरवायच्या चुंबकाचा नाही, त्याला मोठे यंत्र लागते. लोह-ऑक्साइडचे कण वापरून मेंदूच्या एका घातक गाठीवर, किरणोपचारासोबत, अशा उपचाराला युरोपात परवानगी मिळाली.

लोह-ऑक्साइडला थांबणे माहीत नसते, क्षेत्र चालू असेपर्यंत ते तापत राहते. मँगॅनाइटचे आकर्षण नेमके इथे आहे. घरातला साधा इलेक्ट्रिक राइस कुकर भात शिजल्यावर आपोआप कसा बंद होतो? त्याच्या तळाशी एक चुंबक असतो आणि त्याला चिकटणारा एक खास तुकडा. भातातले पाणी संपले की तापमान शंभराच्या वर जाते, तुकड्याचे चुंबकत्व संपते आणि खटका सुटतो. लँथॅनम, स्ट्रॉन्शियम आणि मँगॅनीज यांच्या ऑक्साइडमध्ये हे चुंबकत्व संपण्याचे तापमान, स्ट्रॉन्शियमचे प्रमाण आणि कणांचा आकार बदलून, तापाच्या जवळपास आणता येते. मग गाठ तेवढी तापली की कण स्वतःच थंडावतील, अशी ही कल्पना आहे.

कोल्हापूरच्या डी. वाय. पाटील विद्यापीठात शि. ह. पवार यांच्या मार्गदर्शनाखाली असे कण तयार केले गेले. त्यांचा एक निबंध २०१२ मध्ये ‘डाल्टन ट्रान्झॅक्शन्स’ या रसायनशास्त्राच्या नियतकालिकात आला. त्यात भाभा अणुसंशोधन केंद्राचे शास्त्रज्ञही सहलेखक होते. मुंबईच्या आयआयटीत धीरेंद्र बहादूर यांच्या गटानेही या दिशेने काम केले आहे. हे काम प्रयोगशाळेतले आणि तिथे वाढवलेल्या पेशींवरचे आहे.

गाडी अडते कुठे, तर पुन्हा त्या बेटांपाशी. कुकरचा खटका एका तापमानाला सुटतो. मँगॅनाइटच्या कणांचे तसे होत नाही. एका कणात स्ट्रॉन्शियम थोडे जास्त, दुसऱ्यात थोडे कमी. कणाच्या पृष्ठभागावरचा थर चुंबकीयदृष्ट्या जवळजवळ मेलेला. त्यात ठरलेल्या तापमानाच्या आसपास चुंबकीय आणि बिगरचुंबकीय भाग शेजारी शेजारी. त्यामुळे तापणे एकदम बंद होत नाही, हळूहळू ओसरते. शिवाय त्या तापमानाजवळ चुंबकत्वच क्षीण होत असल्याने मिळणारी उष्णताही कमी असते. कण जास्त घालावेत तर ते मँगॅनीज आहे. १८३७ मध्ये ग्लासगोच्या जॉन कूपर यांनी मँगॅनीजच्या धुळीत राबणाऱ्या कामगारांना जडलेल्या मज्जासंस्थेच्या आजाराची नोंद केली. तो आजार कंपवातासारखा दिसतो. म्हणून कणांवर सुरक्षित आवरण हवे, ते शरीरात किती दिवस राहतात हे कळायला हवे आणि मग माणसांवरच्या चाचण्या. एवढा रस्ता बाकी आहे.

रस्ता जुळला का?

आशाताईंमार्फत आबांच्या घरी निरोप पाठवला. गुरुवारी मुलगा एकटाच आला. मी त्याला बसवले आणि आधी सांगितले, “परवा मी चुकलो. तू दाखवलेलं खोटं नव्हतं.”

तो जरा सैल झाला. मग मी त्याला पूर आठवायला सांगितला. म्हणालो, “कण तयार झालेत, ते तापतात, पेशींवर तपासलेत. ही सगळी कोरडी बेटं आहेत. पण तिथनं आबांच्या जिभेपर्यंत रस्ता अजून जुळलेला नाही. तो कधी जुळेल हे आज कुणीच सांगू शकत नाही. आबांची गाठ मात्र थांबणार नाही. आज ती काढण्याजोगी आहे, सहा महिन्यांनी नसेल.”

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हंजे होडीची वाट बघत पाण्यात उभं राहण्यातली गत. आत्ता पायवाट हाय तवर निघायचं.” मला इतके नेमके सांगता आले नसते.

आबांची शस्त्रक्रिया झाली. जिभेचा काही भाग गेला, नंतर किरणोपचार झाले. बोलणे थोडे जड आहे, पण जेवता येते. दर दोन महिन्यांनी ते तपासणीला येतात. पाच वर्षे नीट गेल्याशिवाय मी त्यांना पूर्ण बरे म्हणणार नाही, आणि हे त्यांनाही माहीत आहे.

तुमच्या मोबाइलवरही अशा बातम्या येत असतील. त्या लगेच खोट्या ठरवू नका आणि लगेच खऱ्याही मानू नका. आपल्या डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. हे काम पेशींवर झाले आहे, प्राण्यांवर की माणसांवर? माणसांवर झाले असेल तर माझ्यासारख्याच आजाराच्या रुग्णांवर झाले का? भारतात त्याची चाचणी चालू असेल तर ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सरकारी नोंदवहीत ती आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वाट बघितली तर माझे काय नुकसान होईल? चाचणीतल्या नव्या उपचारासाठी कोणी मोठी रक्कम मागत असेल, तर तिथेच सावध व्हा. पैशांची अडचण असेल तर कर्करोगाच्या अनेक उपचारांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून मदत मिळते. सरकारी रुग्णालयात चौकशी करा.

आणि तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर मोबाइल बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठा. आबा तीन महिने थांबले होते.